बाजूला व्हा, कांदा दिसू द्या!

आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांचे दोन फोटो घराघरांत हमखास सापडतात. पहिला स्थळासाठी काढलेला. तालुक्याच्या स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा, बाजूला स्टुलावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, अंगावर बहुधा वहिनीची साडी. दुसरा भिंतीवरचा, हार घातलेला. तो मुद्दाम काढलेला नसतोच. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा तेवढा उचलून मोठा करून घेतलेला असतो. या दोन फोटोंच्या मधे चाळीस-पन्नास वर्षांचा संसार असतो. मधल्या काळातल्या बारशांचे, लग्नांचे फोटो असतात, पण त्यांत बाई एक तर नटून उभी असते, नाही तर पंगतीत वाढताना चौकटीच्या कडेला अर्धी कापली गेलेली असते. ती रोज जे करत होती, त्याचा एकही फोटो नसतो.

कुणी म्हणेल, ते दिवस गेले, आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. हे खरं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायकांचं प्रमाण देशात सुमारे ५४ टक्के निघालं होतं. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींना फोन हवा तर नवऱ्याकडे किंवा मुलाकडे मागायचा. आणि ज्यांच्या हातात तो आहे, त्या तरी कशाचे फोटो काढतात? वाढदिवसाच्या केकचे, सहलीतल्या धबधब्याचे, हळदीकुंकवाच्या रांगोळीचे. अल्बम जाऊन फोन आला, तरी ‘फोटो काढण्यासारखं’ काय, याची समजूत तीच राहिली.

मला या लेखात असं म्हणायचं आहे की आपल्या रोजच्या घराचा, अगदी साध्या दिवसाचाही, रोज एक फोटो काढून ठेवणं हे आपल्या चळवळीच्या उपयोगाचं काम आहे. कॅमेरा कुणाच्या हातात आहे, चौकटीत कोण येतं आणि चौकटीतून कुणाला बाजूला केलं जातं, हा प्रश्न हौसेपुरता नाही. घरातल्या सत्तेचाच तो प्रश्न आहे.

आपल्या शिबिरांत आपण वर्षानुवर्षं एक खेळ घेत आलो आहोत. बायकांना चोवीस तासांचं घड्याळ काढायला सांगायचं आणि कुठल्या तासाला काय काम केलं ते भरायला सांगायचं. सुरुवातीला ‘मी काही करत नाही, घरीच असते’ म्हणणारी बाई शेवटी घड्याळात जागा पुरत नाही म्हणून थांबते. खेळ चांगला आहे, पण माझा अनुभव असा की त्यातही पुष्कळ गोष्टी सुटतात. बायका लबाडी करतात म्हणून नव्हे, तर ती कामं त्यांना स्वतःलाच काम वाटत नाहीत म्हणून. जे आठवत नाही ते यादीत येत नाही. म्हणून २०२३ साली मी ठरवलं की चैत्र आणि वैशाख असे दोन महिने, २२ मार्चच्या पाडव्यापासून १९ मेच्या अमावस्येपर्यंत, रोज घरातला एक फोटो काढायचा. एकूण एकोणसाठ दिवस. सणाचा फोटो नको, कुणी मुद्दाम उभं राहायचं नाही, आणि फोटोखाली वेळ आणि चाललेलं काम लिहून ठेवायचं. आमचं घर नाशिक जिल्ह्यात, कांद्याच्या पट्ट्यात. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं, धाकटे दीर, जाऊ आणि चार मुलं.

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू. शाळेच्या पुस्तकात वसंतात कोकिळा गाते आणि आंबा मोहरतो. आमच्याकडे वसंतात उन्हाळ कांदा काढतात, आणि घराघरांत वाळवण घालतात. कडक ऊन ही दोन्ही कामांची गरज. पण त्या वर्षी मार्चच्या मध्यापासूनच राज्यात अवकाळी पाऊस सुरू झाला आणि एप्रिलभर तो थांबून थांबून येत राहिला. गारपिटीने नाशिक जिल्ह्याला झोडपलं. वर्तमानपत्रांत रोज फोटो येत होते: आडवा पडलेला गहू, फुटलेली द्राक्षं, चिखलातला कांदा आणि डोक्याला हात लावून बांधावर बसलेला शेतकरी. ते फोटो खरे होते आणि ते छापून यायलाच हवे होते. पण त्याच दिवसांत घरांच्या आत काय चाललं होतं, त्याचा फोटो कुठेच नव्हता.

पाऊस अवेळी आला की बाईचं काम नुसतं वाढत नाही, ते उलटं फिरतं. कुरडयांचंच घ्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे उठून वरचं पाणी ओतून चीक शिजवायचा, आणि ऊन चढायच्या आत सोऱ्यातून कुरडया घालून मोकळं व्हायचं. यातला कुठलाही दिवस पुढे ढकलता येत नाही. भिजलेले गहू ‘आज आभाळ आहे, परवा बघू’ असं ऐकत नाहीत. माझ्याकडे एक फोटो आहे, दुपारी सव्वातीनचा. जाऊबाई आणि मी कुरडयांनी भरलेली साडी चार कोपऱ्यांनी धरून अंगणातून ओसरीवर पळतो आहोत. हा फोटो माझ्या नववीतल्या मुलीने काढलाय. त्यात आमचे चेहरे नाहीत, पाठी आहेत. मागच्या बाजूला ओसरीवर दोन खुर्च्या दिसतात. त्यांवर दोन माणसं बसून आभाळाकडे बघताहेत. कुणावर ठपका ठेवायचा म्हणून मुलीने तो काढला नव्हता. तिने नुसतं बटण दाबलं, आणि जे होतं ते आलं.

एकोणसाठ फोटो एका ओळीत लावून बघितले, तेव्हा असं काही दिसलं की जे एकेका फोटोत दिसत नाही. सतरा फोटोंत ओले कपडे आहेत: दोरीवर, खाटेवर, दारावर, चुलीच्या वर. सासूबाई बहुतेक फोटोंत खाली बसलेल्या आहेत, पण हात रिकामा असा एकाही फोटोत नाही. मिरच्या निवडताहेत, बुरशी लागलेल्या वेगळ्या करताहेत. गहू परत पसरताहेत, शेवया उलटताहेत, नातवाच्या कपाळावर पट्टी ठेवताहेत. घरातले पुरुष ज्या फोटोंत आहेत त्यांतल्या बहुतेकांत ते एकच गोष्ट करताहेत: जेवणं, फोनवर बोलणं किंवा आभाळ बघणं. आम्ही ज्या फोटोंत आहोत त्यांत एका वेळी दोन-तीन गोष्टी चालल्या आहेत. पुरुष आळशी आहेत असं यातून म्हणायचं नाही. शेतात ते राबतात, रात्री-अपरात्री मोटार सुरू करायला जातात. पण त्यांच्या कामाला सुरुवात आणि शेवट असतो. घरी आलं की काम संपलं. आमचं काम घरी आल्यावर सुरू होतं.

सरकारी मोजणीही आता हेच सांगते. २०१९ सालच्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ! हे आकडे आपल्याला हवेतच, त्यांसाठी स्त्री-चळवळीने पुष्कळ वर्षं आग्रह धरला आहे. पण हे सर्वेक्षण दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे खाने पाडतं, आणि दहा मिनिटांपेक्षा कमी वेळ चाललेलं काम त्यात सहसा सुटतं. थेंब पडायला लागल्यावर वाळवण आत आणायला आम्हाला चार मिनिटं लागतात. अशी चार मिनिटं त्या दोन महिन्यांत कधी कधी दिवसातून पाच वेळा आली. त्या चार मिनिटांसाठी उरलेला सगळा दिवस एक कान आणि एक डोळा आभाळाकडे ठेवावा लागतो, हे कुठल्या खान्यात भरायचं?

आता कांद्याची गोष्ट. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गारा झाल्या तेव्हा काढलेला कांदा शेतात होता. नवरा, दीर, आम्ही दोघी, मजूर बायका, सगळे धावलो. ताडपत्र्या कमी पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी भिजलेल्या ढिगातून बरा कांदा वेगळा करत बसलो होतो. नुकसानीचा पंचनामा होणार होता, तलाठी आणि कृषी सहाय्यक येण्याआधी आपल्याकडे फोटो असावा, म्हणून नवरा फोन घेऊन आला. फोन धरून म्हणाला, ‘बाजूला व्हा, कांदा दिसू द्या.’

आम्ही बाजूला झालो. त्याचं काही चूक नव्हतं. पंचनाम्याला कांदाच दिसायला हवा. पिकाचं ३३ टक्के किंवा जास्त नुकसान झालं की मदत मिळते, तो नियम पिकाचा आहे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी आली, तिथेही शेतात उभं राहून पिकाचा फोटो चढवायचा असतो. पण मला त्या एका वाक्यात सगळी व्यवस्था दिसली. जमीन सासऱ्यांच्या नावावर, पिकाची नोंद त्या सातबाऱ्यावर, मदत त्या खात्यावर. आणि जिने तो कांदा लावला, खुरपला, काढला, पात कापली, गारांतून वेचला, तिने फोटोसाठी बाजूला व्हायचं. वाया गेलेल्या कुरडयांचा, काळ्या पडलेल्या मिरचीचा आणि दोनदा-तीनदा केलेल्या त्याच त्या कामाचा तर पंचनामाच होत नाही. आमच्या बचत गटाने त्या वर्षी विकायला म्हणून घातलेलं निम्मं वाळवण फेकावं लागलं. त्याची नोंद आमच्या वहीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही.

त्याच संध्याकाळी फोनमधली जागा संपली. कांद्याचे चाळीस फोटो झाले होते, अजून काढायचे होते. नवरा म्हणाला, ‘तुझे ते फालतू फोटो काढून टाक की, ओल्या कपड्यांचे. कशाला ठेवलेस?’ मी म्हटलं, ‘कांद्याचे कशाला ठेवलेत?’ ‘नुकसान दाखवायला.’ ‘मग हेही त्यासाठीच ठेवलेत.’ तो काही बोलला नाही. शेवटी फोन उघडून दोघांनी बघितलं, तर सगळ्यात जास्त जागा सकाळच्या सुविचारांनी आणि गुलाबाच्या फुलांनी खाल्ली होती. ती पुसली. माझे फोटो राहिले.

घरातले फोटो काय लपवतात, याचा विचार इतर देशांतल्या बायकांनीही केला आहे. इंग्लंडमधल्या जो स्पेन्स यांचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. त्या आधी धंदेवाईक छायाचित्रकार होत्या, लोकांच्या लग्नाचे आणि मुलांचे गोड फोटो काढून देत. पुढे १९७९ मध्ये त्यांनी स्वतःचाच कौटुंबिक अल्बम तपासायला घेतला आणि विचारलं की यात आजारपण कुठे आहे, भांडणं कुठे आहेत, कष्ट कुठे आहेत? १९८२ मध्ये त्यांना स्तनाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी दवाखान्यातल्या स्वतःच्या शरीराचेही फोटो काढले. आपल्याकडे होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. मुंबईत काम सुरू केलं तेव्हा त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या नावाने. कॅमेरा बाईच्या हातात होता, चौकट तिने ठरवली होती, तरी खाली नाव त्याचं. आज आमच्या गावातही घराच्या ग्रुपवर फोटो जातो तो नवऱ्याच्या फोनवरून, आणि ‘छान काढलाय भाऊ’ असं उत्तर येतं.

पण फोटोची दुसरी बाजूही आपण नीट बघितली पाहिजे, कारण कॅमेरा नेहमी आपल्याच बाजूचा नसतो. २०२३ च्या १ जानेवारीपासून रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून हजेरी लावणं देशभर सक्तीचं झालं. नेटवर्क नसलं, फोटो चढला नाही, तर राबूनही मजुरी बुडण्याची भीती. त्या फोटोत बाई दिसते, पण ती चोरी तर करत नाही ना, हे बघण्यासाठी. काही घरांत तर नवरा बायकोला सांगतो, जिथे असशील तिथला फोटो पाठव. हा फोटो म्हणजे पाळत आहे. फोटो कोण मागतं आणि कोण बघतं यावर सगळं अवलंबून आहे. माझ्या मैत्रिणींपैकी एकीने मला सरळ विचारलं, ‘आपल्या घरातली उसवलेली साडी आणि खरकटी भांडी जगाला दाखवून आपल्याला काय मिळणार?’ प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की जगाला दाखवू नका, आधी घराला दाखवा.

आणि घरातही विचारून काढा. माझ्या जाऊबाईंनी पहिल्या आठवड्यातच सांगितलं, ‘ताई, माझे केस मोकळे असताना काढायचा नाही, आणि ग्रुपवर टाकायचा नाही.’ हे दोन नियम त्यांनी घातले म्हणून पुढचं सगळं झालं. १९८० च्या दशकात दिल्लीत हुंडाविरोधी मोर्चांचे फोटो काढणाऱ्या शीबा छाछी यांनी पुढे त्यातल्याच काही कार्यकर्त्यांना विचारलं की तुम्हाला स्वतःला कसं दिसायचं आहे. कुठे बसायचं, शेजारी कुठल्या वस्तू ठेवायच्या, हे त्या बायकांनी ठरवलं. मोर्चातली घोषणा देणारी मूठ खरीच होती, पण ती बाई तेवढीच नव्हती. घरातही तसंच आहे. सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘माझा काढायचा तर चाळीत काढ, कांदा भरताना. स्वैपाकघरात नको.’ त्यांना त्यांचं कुठलं काम दिसावंसं वाटतं हे मला लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर कळलं.

याने काय बदललं, असं कुणीही विचारेल. फोटो बघून कुणाचं मतपरिवर्तन झालं वगैरे मी सांगणार नाही. सगळे फोटो बघून सासरे म्हणाले, ‘बायका आहेत म्हणून घर आहे,’ आणि चहा मागितला. पण एक गोष्ट झाली. आमच्या घरून दरवर्षी शहरातल्या तीन नातेवाइकांकडे कुरडया, शेवया, पापड जातात. ‘गावाकडची चव’ म्हणून त्यांचं कौतुकही होतं. २०२४ च्या चैत्रात जाऊबाईंनी ते फोटो सगळ्यांसमोर ठेवले आणि सांगितलं, ‘यंदा वाळवण आपल्यापुरतंच. ज्यांना हवं त्यांनी दोन दिवस हाताखाली यायचं.’ बरंच वाजलं. नणंद दुखावली, कारण तीही नोकरी करते, तिलाही वेळ नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एका बाईचा भार दुसरीवर ढकलण्यात तिलाही रस नव्हता. पण हा सगळा वाद आम्हा दोघी-तिघींतच का चालावा, नंदोयांचं आणि दिरांचं यात काहीच नाही का, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला. शेवटी नंदोई दोन दिवस आले आणि सोऱ्या फिरवला. दिरांनी पहाटे चीक हलवला. हात भरून आल्यावर म्हणाले, ‘हे दरवर्षी करता?’ ही काही क्रांती नव्हे. पण नुसत्या बोलण्याने इतक्या वर्षांत जे झालं नव्हतं, ते फोटो समोर असल्याने बोलता आलं.

मैत्रिणींनो, माझी सूचना साधी आहे. आपल्या गटातल्या पाच-सहा जणींनी एक महिना हे करून बघावं. जिच्याकडे फोन नाही तिच्याकडे आठवड्यातून दोन दिवस दुसरीने आपला द्यावा. फोटोतल्या माणसाला विचारल्याशिवाय काढू नये, आणि गटाबाहेर पाठवू नये. फोटोखाली वेळ, काम आणि काम करणारीचं नाव लिहावं. आठवड्यातून एक फोटो मुलीकडून किंवा मुलाकडून काढून घ्यावा, म्हणजे काढणारीही चौकटीत येईल. महिन्याच्या शेवटी गटाच्या बैठकीत ते एकत्र मांडावेत आणि तीन प्रश्न विचारावेत: यात कोण कधीच दिसत नाही? कोण नेहमी बसलेलं आहे? आणि कुठलं काम आपण यादीत कधीच लिहिलं नव्हतं?

ज्यांना हे जमेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावं. फोटो पाठवले नाहीत तरी चालतील, ते तुमचे आहेत. पण तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं नक्की पाठवा. ती कामं एकत्र करून त्यांची यादी छापू या, म्हणजे पुढच्या शिबिरात घड्याळ भरायला बसलेल्या बाईच्या हातात ती आधीपासून असेल.